मर्यादवेल : एक कीं दोन?

भरतीचें पाणी जेथवर चढतें त्या ओल्या रेघेच्या किंचित् वर, कोरड्या वाळूंत, कोंकणच्या किनाऱ्यावर एक वेल पसरलेली दिसते. तिचीं खोडें वाळूवरून सरपटत कित्येक हात लांब जातात, पेऱ्यापेऱ्याला मुळें सोडतात आणि वाऱ्यानें उडूं पाहणारी वाळू धरून ठेवतात. पानें जाड, चिवट आणि शेंड्याकडून दुभंगलेलीं. फूल जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या घाटाचें, सकाळीं उमलून दुपारपर्यंत कोमेजणारें. हिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. सागर आपली मर्यादा ओलांडीत नाहीं ही पुराणांपासून चालत आलेली समजूत आहे. ती मर्यादा वाळूवर नेमकी कोठें पडली आहे हें जिच्यावरून ओळखतां येतें, तिला याहून समर्पक नांव सुचणें कठीण.

परंतु हीच वेल (किंवा हिच्यासारखीच दिसणारी दुसरी, हा 'किंवा' हाच या लेखाचा विषय आहे) ब्राझीलच्या किनाऱ्यावर आहे, आफ्रिकेच्या दोन्ही अंगांस आहे, ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत आहे आणि पॅसिफिक महासागराच्या मध्यावरील बेटांवरही आहे. बंगाली माणूस तिला छागलखुरी म्हणतो. मलायी भाषेंत ती तापाक कुदा, म्हणजे घोड्याचें पाऊल होते. हवाई बेटांत तिचें नांव पोहुएहुए असें आहे. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील किनाऱ्यांवर ती रुळांसारखी लांबच लांब धांवते म्हणून तेथील इंग्रजी बोलणाऱ्यांनीं तिला आगगाडीच्या रस्त्याची वेल करून टाकलें आहे. प्रत्येक किनाऱ्यानें तिला आपली मानून नांव दिलें. या साऱ्या नांवांखालीं वेल एकच आहे काय, आणि एकच असेल तर तीन महासागरांच्या कांठीं ती पोंचली कशी, हा प्रश्न सोडविण्यांत विद्वानांचीं अडीचशें वर्षांहून अधिक काळ गेलीं.

ही ज्या कुळांतली, त्या कुळाशीं आपला घरोबा जुना आहे. एकादशीचें रताळें, कुंपणावरची गणेशवेल, पाणथळींतली नाळीची भाजी आणि कितीही उपटली तरी पुन्हां उभी राहणारी बेशरम, हीं सारीं इपोमिया या एकाच प्रजातींतलीं भावंडें. कुळाचें मराठी नांव हरिणपदी कुल असें आहे. तें शेतांत तण म्हणून माजणाऱ्या हरिणपदीवरून पडलें. योगायोग असा कीं, हरणाच्या पावलाची ही उपमा प्रत्यक्ष मर्यादवेलीलाही फार पूर्वीं मिळालेली आहे. तमिळ भाषेच्या संघकाळांतील कवींनीं समुद्रकांठाला विरहाची भूमि मानलें आणि त्या भूमीचें एक चिन्ह म्हणून या वेलीला वारंवार पाचारण केलें. त्यांच्या भाषेंत तिचें नांव अडुंबु. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत जिच्यांतील कविता रचल्या गेल्या त्या 'कुरुंतोगै' या संग्रहांत एके ठिकाणीं अडुंबूच्या दुभंगलेल्या पानाला हरणाच्या पावलाची उपमा दिलेली आहे. पान नुसतें खांच पडलेलें नव्हे, तर दुभंगलेलें, हें त्या कवीच्या नजरेंतून सुटलें नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

तमिळांतील अडुंबु तोच मलयाळी भाषेंतील अडंबु. आणि या नांवानेंच ती युरोपच्या ग्रंथसंग्रहांत शिरली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारांतील अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानें कोचीन येथें बसून त्या प्रांतांतील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टस मलबारिकस', अर्थात् मलबारचें उद्यान, हें त्याचें नांव. त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅम येथें छापून निघाले. त्या ग्रंथामागें इट्टी अच्युदन् नांवाच्या ईळव जातीच्या वैद्याचें ज्ञान होतें, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचें परिश्रम होते. आपल्या निघंटूच्या आधारें आणि प्रत्यक्ष वनस्पति पाहून आपण हें काम केलें, अशी या तिघांची १६७५ सालची ग्वाही नागरी अक्षरांत व कोंकणी भाषेंत पहिल्या खंडाच्या आरंभीं छापलेली आहे. युरोपांत छापलेल्या पुस्तकांतून नागरी लिपीचें जें अगदीं आरंभींचें दर्शन घडतें, त्यांपैकीं हें एक होय. कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्यानें आपल्या साहाय्यकांचीं नांवें अशीं ग्रंथाच्या दारांतच नोंदवावीं हें त्या काळच्या रिवाजाला सोडून होतें, आणि त्याबद्दल ऱ्हेडेला आम्ही मनापासून श्रेय देतों. ज्यांनीं पुढें दोन शतकें त्या ग्रंथाचे दाखले दिले त्या पंडितांना मात्र ही नांवें उच्चारण्याची गरज क्वचितच भासली. हे बाराही खंड इंग्रजींत आणण्याचें काम कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनीं कित्येक दशकें खपून पुरें केलें, आणि तें भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून हे चौघे पुन्हां प्रकाशांत आले.

मर्यादवेलीचें चित्र अकराव्या खंडांत आहे. तेथें तिचें नांव 'शोवन्न अडंबो', म्हणजे तांबडी अडंबु असें छापलेलें आहे. हा खंड १६९२ सालचा. म्हणजे तो पाहावयास ऱ्हेडे जिवंत नव्हता. कोचीनहून सुरतेस जात असतां डिसेंबर १६९१ मध्यें मुंबईनजीक समुद्रावरच तो वारला, आणि सुरतेस त्याचें दफन झालें. तेथील डच कबरस्थानांत त्याची भव्य समाधि आहे.

दुसऱ्या गोलार्धांत याच सुमारास शार्ल प्ल्यूमिये नांवाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक वेस्ट इंडीज बेटांतून वनस्पतींचीं चित्रें काढीत फिरत होता. त्याच्या १६९३ सालच्या ग्रंथांत एका समुद्रकांठच्या रेचक वेलीचें चित्र आहे. तिचीं पानें गोल, टोकाशीं जराशी खांच असलेलीं. मलबारचें चित्र आणि कॅरिबियन समुद्राचें चित्र एकाच टेबलावर शेजारीं शेजारीं येण्यास साठ वर्षें लागलीं, आणि तें टेबल होतें स्वीडनमधील अप्सला येथें.

कार्ल लिनियस यानें १७५३ सालीं जगांतील ज्ञात वनस्पतींची यादी प्रसिद्ध करून प्रत्येकीला दोन शब्दांचें नांव देण्याची जी पद्धत रूढ केली, तीच आजतागायत चालू आहे. त्या यादींत एकाच पानावर या दोन वेली आहेत. एक 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस पेस-काप्री', म्हणजे बकरीच्या पावलाची; पान दुभंगलेलें, देठावर फूल एक, स्थान हिंदुस्थान. दुसरी 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस ब्राझिलिएन्सिस'. पान टोकाशीं खांचलेलें, देठावर फुलें तीन, स्थान ब्राझील आणि सान्तो दोमिंगो. लिनियसनें आपल्या हयातींत उष्ण कटिबंधांतला किनारा पाहिला नाहीं. त्याच्यापुढें होते ते कागद. आणि कागदांनीं सांगितलें कीं वेली दोन. यांत त्याला दोष देण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें दोन चित्रें पाहिलीं त्यानें दोन म्हणावें, हा प्रामाणिकपणाच होय.

यानंतर नांवांचा जो गोंधळ झाला त्यांतील फक्त एक शाखा येथें सांगतों, कारण तिचा आपल्या प्रांताशीं संबंध येतो. लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकॉल हा डेन्मार्कच्या राजानें धाडलेल्या मोहिमेबरोबर अरबस्तानांत गेला आणि जुलै १७६३ मध्यें यमन देशांत हिंवतापानें मरण पावला. मोहिमेंतील माणसें एकामागून एक गेलीं. कार्स्टन नीबूर हा एकटाच परतला, आणि तोही मुंबईस वर्षाहून अधिक काळ काढून. त्यानें १७७५ सालीं आपल्या मृत मित्राचीं टिपणें छापलीं. त्यांत अरबस्तानच्या किनाऱ्यावरील या वेलीला 'इपोमिया बायलोबा', म्हणजे दोन पाळ्यांची, असें नांव आहे. पुढें लंडननजीकच्या क्यू येथील विद्वानांचा असा एक प्रघात पडला कीं, वनस्पति योग्य प्रजातींत प्रथम ज्या नांवानें घातली गेली तें नांव धरावयाचें. त्यापूर्वीं दुसऱ्या प्रजातींत तिचें कांहींही नांव असो. लिनियसनें तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्यें घातलें होतें, फोर्सकॉलनें सरळ इपोमियांत. म्हणून बायलोबा जिंकली. सी. बी. क्लार्क यानें १८८३ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथांत हेंच नांव वापरलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांतही तेंच उतरलें. आपल्याकडील जुन्या औषधिग्रंथांतून मर्यादवेलीपुढें बायलोबा हें नांव दिसतें त्याचें कारण हें. आंतरराष्ट्रीय नियमांनीं पुढें हा प्रघात अमान्य केला आणि १७५३ सालचें बकरीचें पाऊल पुन्हां गादीवर आलें.

आतां प्रजातीविषयीं एक शब्द. कॉन्व्हॉल्व्ह्युलस आणि इपोमिया यांतील भेद बाहेरून दिसत नाहीं. फूल उघडून स्त्रीकेसराचें टोक पाहिलें तर पहिलींत दोन लांबट धागे दिसतात, दुसरींत लहानशी गोल गांठ. १८९३ सालीं हान्स हालिअर या जर्मन विद्वानानें यापुढें जाऊन परागकणांचा आधार घेतला: इपोमियाचे कण कांटेरी, कॉन्व्हॉल्व्ह्युलसचे गुळगुळीत. मर्यादवेलीचे कण कांटेरी आहेत, तेव्हां या बाबतींत वाद उरला नाहीं.

खरा वाद एक कीं दोन हाच. तो पहिल्यानें निकालांत काढला रॉबर्ट ब्राउन यानें. पाण्यांतील सूक्ष्म कणांच्या अखंड हालचालीला ज्याचें नांव मिळालें, तोच हा ब्राउन. महाविद्यालयांतले विद्यार्थी त्याला पदार्थविज्ञानाच्या तासाला भेटतात आणि तो हाडाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता हें त्यांना बहुधा ठाऊक नसतें. १८१० सालच्या ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतिग्रंथांत त्यानें ही वेल इपोमियांत नोंदली होती, पण निराळ्या नांवानें. पुढें आठ वर्षांनीं एका शोचनीय प्रसंगानें तिच्याकडे त्याचें लक्ष पुन्हां वळलें.

इंग्लंडच्या आरमारानें १८१६ मध्यें कॅप्टन टकी याच्या हाताखालीं कांगो नदीचा शोध घेण्यास एक मोहीम पाठविली. तींत नॉर्वेचे प्रोफेसर क्रिस्टन स्मिथ हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. नदींत थोडें वर जातांच तापानें माणसें मरूं लागलीं. सप्टेंबरांत स्मिथ गेले, ऑक्टोबरांत टकी गेला. क्यूच्या बागेंतून बरोबर दिलेला माळी डेव्हिड लॉकहार्ट तेवढा वांचला, आणि स्मिथ यांनीं जमविलेल्या सुमारें सहाशें जातींचे वाळविलेले नमुने लंडनला पोंचले. ते ब्राउनच्या हातीं आले. टकीच्या प्रवासवृत्ताला १८१८ सालीं त्यानें जो पुरवणी-निबंध जोडला तो, आमच्या मतें, वनस्पतींच्या भूगोलावरील अत्यंत विचारप्रवर्तक लेखांपैकीं एक आहे. मेलेल्या माणसाचे नमुने नुसते नोंदून तो थांबला नाहीं. त्यानें विचारलें, कांगोच्या मुखाशीं सांपडलेल्या या वनस्पतींपैकीं आशिया आणि अमेरिका या दोन्ही खंडांतही असलेल्या कोणत्या? त्या यादींत आपल्या ओळखीचीं माणसें भेटावीं तशीं नांवें भेटतात: गुंज आहे, सागरगोटा आहे, आणि 'इपोमिया पेस-काप्री' आहे. हिंदुस्थान आणि ब्राझील यांची फाळणी मिटवून दोन्ही वेली त्यानें एका नांवाखालीं आणल्या. तेव्हांपासून शास्त्रीय नांवापुढें लिनियसबरोबर ब्राउनचेंही नांव लागतें.

एकीकरण करून तो राहिला असता तरी काम झालें असतें. पण 'मग ती तिन्ही खंडांत गेली कशी' हा पुढचा प्रश्न त्यानें टाळला नाहीं. यादींतील बहुतेक वनस्पतींच्या बियांत गर्भ चांगला वाढलेला असतो, अशीं बियें दीर्घकाळ जीव धरून राहूं शकतात, आणि म्हणून समुद्राच्या प्रवाहांनीं तीं नेलीं असावींत, अशा दिशेनें त्याचा तर्क गेला. पृथ्वीवर एकच जात अनेक ठिकाणीं स्वतंत्रपणें निर्माण झाली, किंवा आतां बुडालेल्या भूमीवरून ती पसरली, असें मानणारे विद्वान त्या शतकांत थोडे नव्हते. त्यांच्यापुढें ब्राउननें एक साधें बीं ठेवलें.

त्या बियाकडे जरा निरखून पाहावें. मर्यादवेलीच्या बोंडांत चार बियें असतात. काळसर, मोठ्या वाटाण्याएवढीं, तपकिरी लोंवेनें मढविलेलीं. कवच इतकें कठीण कीं तें घासलें किंवा खरवडलें गेल्याशिवाय पाणी आंत शिरत नाहीं. आंत पोकळी असल्यामुळें बीं तरंगतें, आणि महिनोन् महिने खाऱ्या पाण्यांत राहूनही रुजण्याची शक्ति गमावीत नाहीं. चार्लस डार्विन यानें पुढें १८५५ च्या सुमारास घरीं खारें पाणी करून ८७ प्रकारचीं बियें त्यांत भिजत घातलीं, तेव्हां २८ दिवसांनंतर त्यांपैकीं ६४ प्रकार रुजले आणि कांहीं थोडे १३७ दिवसांनंतरही. परंतु त्याची खरी अडचण निराळीच होती: जीव राहतो, पण ताजीं बियें बुडतात! मर्यादवेलीला ती अडचणच नाहीं.

निसर्गानें याची परीक्षा एकदां उघड्यावर घेतली. ऑगस्ट १८८३ मध्यें सुमात्रा व जावा यांच्यामधील क्राकातोआ बेट ज्वालामुखीच्या स्फोटानें उद्ध्वस्त झालें आणि उरलेला भाग राखेच्या जाड थराखालीं पुरला गेला. तीन वर्षांनीं, १८८६ मध्यें, जावांतील बाइटेनझॉर्ख येथील उद्यानाचे संचालक मेल्खिओर ट्रॉइब तेथें उतरले. किनाऱ्यावर ज्या मोजक्या सपुष्प वनस्पति त्यांना दिसल्या त्यांत ही वेल होती. समुद्राखेरीज तिला आणणारें दुसरें कोण असणार? आणखी पांच वर्षांनीं शिम्पर या जर्मन पंडितानें पूर्वेकडील वाळूच्या किनाऱ्यांवर पहिल्यानें वस्ती करणाऱ्या वनस्पतिसमूहालाच या वेलीचें नांव दिलें.

एवढ्यावर कथा संपली असती तर ब्राउनचा पूर्ण विजय झाला असें म्हणावें लागलें असतें. परंतु नमुने जसे वाढूं लागले तसें असें दिसूं लागलें कीं अरबस्तानापासून हिंदुस्थान व सिंहलद्वीपापर्यंतच्या किनाऱ्यांवरचें पान खरोखरच खोल दुभंगलेलें आहे, आणि इतरत्र बहुतेक सर्व जगभर तें नुसतें खांचलेलें आहे. लायडेन येथील व्हान ओस्टस्ट्रोम यांनीं १९४० सालीं मधला मार्ग काढला: जाति एक, उपजाति दोन. दुभंगलेल्या पानाची ती 'पेस-काप्री', खांचलेल्या पानाची ती 'ब्राझिलिएन्सिस'. म्हणजे लिनियसचीं दोन्ही नांवें ब्राउनच्या एका छपराखालीं नांदूं लागलीं. १९७० सालीं हवाईमधील हॅरोल्ड सेंट जॉन यांनीं या एका वेलीच्या वर्गीकरणावर व विस्तारावर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून हा प्रश्न विद्वानांना किती काळ स्वस्थ बसूं देत नव्हता तें दिसेल.

पानाच्या आकारावर भिस्त ठेवावी कीं न ठेवावी, याचा निर्णय अखेर पानाबाहेरच शोधावा लागला. जपानांतील संशोधकांच्या पुढाकारानें झालेली एक पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत जगभरच्या ३४ ठिकाणांहून २७२ नमुने जमवून त्यांच्या आनुवंशिक द्रव्यांतील सात भाग अक्षरशः ताडून पाहिले गेले. खांचलेल्या पानाच्या वेलीविषयीं ब्राउनचा तर्क सर्वस्वीं खरा ठरला: तिन्ही महासागरांतून बियें अलीकडच्या काळापर्यंत ये-जा करीत आहेत, आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवरील वेलींचें रक्त, असें म्हणतां आलें तर, मिसळत राहिलें आहे. अमेरिकेच्या भूमीची भिंत आडवी असूनही तिच्या दोन्ही बाजूंच्या वेलींत देवघेव आढळली. ती बहुधा परागांच्या द्वारें चिंचोळ्या संयोगभूमीवरून झाली असावी, असें त्या संशोधकांनीं सुचविलें आहे. पण दुभंगलेल्या पानाची वेल या सर्वांपासून स्पष्टपणें वेगळी निघाली. ती हिंदी महासागराच्या उत्तर भागांतच आहे, आणि तिचें बीं तरंगत असूनही बाकीच्या जगाशीं तिचा संबंध तुटल्यासारखा आहे. न दिसणारा एखादा अडसर प्रवाहांत असेल, किंवा पुराण्या काळीं दोघी निराळ्या होऊन आपापल्या किनाऱ्यांच्या हवापाण्याशीं जखडल्या गेल्या असतील. संशोधकांनीं या दोन्ही शक्यता मांडल्या आहेत.

तेव्हां 'एक कीं दोन' या प्रश्नाचें उत्तर हल्लीं असें आहे कीं, एक, पण आपल्या समुद्रांत तिची एक निराळी शाखा आहे. आमच्या मतें यांत ब्राउनचें मोठेपण कमी होत नाहीं. त्यानें दोन्ही वेली एक केल्या नसत्या तर त्या समुद्रावरून कशा गेल्या हें कोणी विचारलेंच नसतें. लिनियसचे कागदही खोटे बोलत नव्हते. आणि या दोघांच्याही फार पूर्वीं, दुसरा कोणताही किनारा न पाहतां, आपल्या वेलीचें जें लक्षण तिला जगांतील इतर वेलींपासून वेगळें करतें तेंच नेमकें ज्यानें टिपलें, तो कुरुंतोगैमधला कवि आम्हांस या इतिहासांतून वगळतां येत नाहीं. त्याचें दुभंगलेलें पान आणि इट्टी अच्युदन् व त्या तीन कोंकणी ब्राह्मणांच्या सहकार्यानें सिद्ध झालेल्या ग्रंथांतील तांबडी अडंबु हीं एकाच वेलीचीं होत.

ही शाखा जेथें वाढते ती जागा मात्र अरुंद होत चालली आहे. मर्यादवेलीला भरतीच्या वर कोरड्या वाळूची एक पट्टी लागते. केरळच्या किनाऱ्याचा मोठा भाग आज दगडी भिंतींनीं बांधला गेला आहे, आणि कोंकणांतही धूपप्रतिबंधक बंधारे गांवोगांव उभे राहत आहेत. जेथें लाट सरळ दगडावर आपटते तेथें वाळूची पट्टी उरत नाहीं. वाहत आलेलें बीं दगडांच्या फटींत अडकतें, आणि पुढच्या भरतीला पुन्हां पाण्यांत जातें.